पास काढायचा का?

लहानपणी आमच्या घरात ‘वसूल’ हा शब्द यायचा तो शेतसाऱ्याच्या नाहीतर उधारीच्या संदर्भात. तलाठी वसुलीला यायचा, वाणी उधारी वसूल करायचा. आता सिनेमा ‘पैसे वसूल’ असतो, हॉटेलातली थाळी पैसे वसूल असते आणि प्रवाससुद्धा. परदेशी मुलांकडे जाऊन आलेल्या आमच्या पिढीतल्या लोकांशी बोलताना हे फार जाणवतं. काय पाहिलं यापेक्षा किती पाहिलं हा प्रश्न आधी येतो, आणि “पास काढला होता का?” हा त्याच्या पाठोपाठ.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला अडीच महिने राहून आलो. तेव्हापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले बरेच जण हा पासाचा प्रश्न मला विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. ज्यांना एका वाक्यात उत्तर हवं त्यांच्यासाठी: तीन-चार दिवसांसाठी जाणाऱ्या धडधाकट माणसांनी पासाचा जरूर विचार करावा, मुलांकडे दोन-चार महिने राहायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो काढू नये. ज्यांना कारणं हवीत त्यांनी पुढे वाचावं.

आधी पास म्हणजे काय ते सांगते. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशा मोठ्या शहरांत पर्यटकांसाठी असे पास मिळतात. एकदा पैसे भरायचे आणि ठरावीक दिवसांत यादीतली हवी तितकी ठिकाणं पाहायची, प्रत्येक दारात वेगळं तिकीट नको. ‘लंडन पास’च्या यादीत ऐंशीच्या वर ठिकाणं आहेत. टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबे, विंडसरचा राजवाडा, क्यूची बाग, थेम्स नदीतली बोट, पर्यटकांची उघडी बस वगैरे. एका दिवसापासून दहा दिवसांपर्यंतचे पास असतात. यातली मेख अशी की दिवस सलग मोजतात. सोमवारी पहिल्या दारात पास दाखवला की तीन दिवसांचा पास बुधवारी रात्री संपला. मंगळवारी पाऊस पडला, ह्यांचा गुडघा दुखला, घरी बसावंसं वाटलं, तरी पासाचं घड्याळ चालूच.

लेकीने पहिल्याच आठवड्यात विषय काढला. “आई, तीन दिवसांचे दोन पास काढून टाकते. मी तीन दिवस रजा घेते. एकदा सगळं दाखवते तुम्हाला.” ‘एकदा सगळं’ हे शब्द तिने सहज वापरले, पण मला ते ऐकू आले. ह्यांचं वय ७८, माझं ७४. पुन्हा येणं होईल न होईल, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. पासाचा मोह होतो तो खरा इथे. शेवटचीच खेप असेल तर सगळंच पाहून घ्यावं, असं मन म्हणतं. मला मात्र वाटतं की शेवटची खेप असेल तर सगळं पाहायच्या मागे लागूच नये. का, ते सांगते. पण आधी हिशेब, कारण हिशेब न करता तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांचा मला शाळेपासून राग आहे.

तीन दिवसांच्या पासाला तेव्हा माणशी दीडशे पौंडांच्या आगेमागे पडत होते. मधूनमधून त्यावर सूट निघते, ती सोडा. दोघांचे तीनशे पौंड, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या आसपास. टॉवरचं प्रौढांचं तिकीट ३५ पौंडांच्या आसपास, ॲबेचं ३० च्या आसपास. म्हणजे दिवसाला अशी दोन मोठी ठिकाणं केली तर थोडे पैसे वाचतात, तिसरं केलं तर चांगलाच फायदा. तरुण माणूस हे आरामात करतो. पण टॉवर ऑफ लंडन नीट पाहायला आमच्या चालीने सकाळ जाऊन दुपार उजाडते. आत दगडी जिने आहेत, अरुंद. तिथून निघाल्यावर हे म्हणतात, “आता कुठे नको, चहा आणि घर.” आम्हाला दिवसाला एक ठिकाण झेपतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी लागते. हा हिशेब पासाच्या जाहिरातीत नसतो, तो आपणच मांडायचा.

दुसरी गोष्ट वयाची. टॉवरला आणि ॲबेला ६५ वर्षांपुढच्यांना सवलतीचं तिकीट आहे. पासाला मात्र दोनच दर, मोठ्यांचा आणि लहान मुलांचा. पास विकणारे तुलना करतात ती पूर्ण तिकिटाशी, जे आम्हाला काढायचंच नसतं. आपल्या एसटीचंच उदाहरण घ्या. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल. आम्ही नोकरीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्या पासावर कोकण पालथं घातलेलं आहे. उत्तम योजना. पण ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्मं. आता ह्यांनी तो पास काढला तर लोक हसतील! पास तोच आहे, आमचं वय बदललं. म्हणून पास चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणासाठी, हे आधी विचारायचं.

आमच्या यादीत पैसे देऊन पाहायची ठिकाणं तीनच निघाली: टॉवर, ॲबे आणि क्यूची बाग. सवलतीसकट तिन्हींची बेरीज माणशी शंभर पौंडांच्या आत. इथे हिशेब संपला. पण समजा पास फायद्याचा ठरला असता, तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि खरं सांगायचं ते हेच आहे.

पैसे आधी भरले की पाहण्याची रीत बदलते. अनलिमिटेड थाळी घेतली की भूक संपल्यावरही आपण आणखी एक गुलाबजाम मागवतो. तो खायचा असतो म्हणून मागवत नाही, पैसे भरलेत म्हणून. राइसप्लेट खाणारा माणूस पोट भरलं की उठतो. आमच्या ओळखीतलं एक जोडपं तीन दिवसांत चौदा ठिकाणं करून आलं. मी विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले, “बस चांगली होती.” मी त्यांना हसत नाही. दिवसाला पाच ठिकाणं केली तर बसच लक्षात राहणार, कारण तिथेच बसायला मिळतं.

शाळेत असताना मी बरीच वर्षं सहली नेल्या. सहलीच्या सूचनापत्रावर ठिकाणांची संख्या फार महत्त्वाची असायची. नुसतं ‘रायगड’ लिहिलं की पालक विचारायचे, “एवढ्या पैशांत एकच ठिकाण?” रायगड, एखादी समाधी, दोन देवळं आणि एक समुद्रकिनारा लिहिलं की सगळे खूश. सहलीनंतर मी मुलांना निबंध लिहायला सांगायची. पाच ठिकाणांच्या सहलीचे निबंध सगळे सारखे यायचे. मग आम्ही इथे गेलो, मग आम्ही तिथे गेलो, मग आम्ही डबे खाल्ले. एका वर्षी मात्र एकच किल्ला आणि पूर्ण दिवस, अशी सहल झाली. त्या वर्षी एका मुलाने फक्त टाक्यातल्या पाण्याबद्दल दोन पानं लिहिली. इतक्या उंचावर पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात आटतं का, गडावरच्या माणसांना पुरत असेल का. तो निबंध मला अजून आठवतो. त्याने एकच गोष्ट पाहिली होती, पण पाहिली होती.

टॉवर ऑफ लंडनमध्ये याची फार आठवण झाली. तिथे राजमुकुट ठेवलेत, त्यांतल्या एकात आपला कोहिनूर आहे. १९३७ साली तेव्हाच्या राणीसाठी केलेला तो मुकुट. मुकुटांपुढे गर्दी साचू नये म्हणून जमिनीवर सरकता पट्टा बसवलाय. त्यावर उभं राहायचं, पट्टा आपल्याला हिऱ्यासमोरून पुढे नेऊन सोडतो. पंढरपूरला गर्दीच्या दिवशी बडवे-सेवेकरी हाताने पुढे सरकवायचे, इथे यंत्र सरकवतं, एवढाच फरक. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहाच्या कलमाने घेतलेला हा हिरा. इतिहास शिकवताना ते कलम मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! तो समोर आला आणि काही सेकंदांत गेला. आम्हाला पुढे कुठे जायचं नव्हतं. मी मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर उभी राहिले, असं तीनदा केलं. पास असता आणि साडेतीनला ॲबेचं दार गाठायचं असतं, तर एकदाच उभी राहिले असते आणि फोटोही मनाई असल्यामुळे काहीच हाती लागलं नसतं.

आता लंडनची सगळ्यांत मोठी गंमत. तिथलं जे खरोखर पाहण्यासारखं आहे, त्यातलं बरंचसं पासात नाहीच, कारण ते फुकट आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांना खुलं झालं ते विनामूल्य. आजही कायमची दालनं पाहायला तिकीट नाही. डिसेंबर २००१ पासून तिथली राष्ट्रीय संग्रहालयं सगळ्यांनाच मोफत झाली. नॅशनल गॅलरी ट्रफाल्गर चौकात १८३८ साली उघडली, ती जागा मुद्दाम निवडली होती: पश्चिमेकडच्या श्रीमंतांना बग्गीतून आणि पूर्वेकडच्या गरिबांना पायी येता यावं म्हणून. आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात, ते सुरुवातीच्या काळात गॅसच्या दिव्यांवर रात्री उघडं ठेवायचे, दिवसभर राबणाऱ्या कामगारांना कामावरून सुटल्यावर येता यावं म्हणून. शिक्षिका म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं. (तिथल्या कपाटांतलं बरंच काही कुठून आणि कसं आलं हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा केव्हातरी.)

फुकटचा फायदा केवळ पैशांचा नाही. तिकीट नसलेल्या ठिकाणी अर्धा तास थांबून निघून जाता येतं आणि परवा परत येता येतं. ब्रिटिश म्युझियममध्ये एका बाजूच्या काचेच्या दालनात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, शंभराहून अधिक. अमरावती म्हणजे आंध्रातली, आपली विदर्भातली नव्हे. तो स्तूप बहरला सातवाहनांच्या काळात, आणि सातवाहनांची राजधानी आपलं पैठण. सहावीच्या वर्गाला सातवाहन शिकवताना माझ्याकडे दाखवायला पुस्तकातलं एका नाण्याचं पुसट चित्र असायचं, बस्स. इथे त्या काळातली माणसं समोर उभी. बायकांच्या पायातली वाकी, हत्तीवर बसलेले राजे, वाकून नमस्कार करणारे भक्त. मी तिथे चार वेळा गेले. दर वेळी एकेका शिळेसमोर बसून घेतलं. चौथ्या वेळी ह्यांना नेलं आणि पुरता तास घेतला त्यांचा! ॲबेत संध्याकाळच्या प्रार्थनेलाही तिकीट नसतं. आम्ही ॲबे तिकीट काढून पाहिलं आणि नंतर एकदा प्रार्थनेला जाऊन बसलो. ख्रिस्ती शब्द सगळे कळले नाहीत, पण देवळात मागे बसून कीर्तन ऐकताना मन जसं होतं तसं झालं.

पासाच्या यादीत नसलेली आणखी काही ठिकाणं सांगते, मराठी माणसाने तरी चुकवू नयेत अशी. मेडा व्हेलजवळ हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. चिरोलवरच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये लंडनला होते, तेव्हा इथल्या १० नंबरच्या घरात राहिले. घरावर निळी गोल पाटी आहे. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्याच घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेऊन स्मारक केलं. शिकायला आलेला मुलगा कुठल्या खोलीत राहिला असेल, कुठल्या रस्त्याने चालत गेला असेल, हे त्या रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि ग्रीनिचला जायला विसरू नका. तिथे शून्य अंश रेखावृत्ताची पट्टी वेधशाळेच्या अंगणात आहे, तिला तिकीट आहे. पण रेघ काही भिंतीपाशी थांबत नाही! बाहेर पायवाटेवरही ती आखून दिलीय आणि तिथे उभं राहायला कुणी पैसे मागत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, पंधरा अंशांना एक तास, म्हणून साडेपाच तासांचं अंतर. तीस वर्षं हे गणित शिकवलं, त्याचं एक टोक पायाखाली होतं.

पण लेकीचं काय? ती हिरमुसली होती. आई-बाबांसाठी खर्च करायचा तिचा आनंद आम्ही काढून घेतोय असं तिला वाटलं. मुलांना आपल्यावर खर्च करू द्यावा, हे मला मान्य आहे. आपण आयुष्यभर काटकसर केली म्हणून त्यांनी प्रेमाने पुढे केलेलं प्रत्येक वेळी परतवू नये. मी तिला म्हटलं, “पासाचे पैसे राहू देत, आम्हाला तुझी रजा दे. पण तीन दिवस एकदम नको. तीन आठवड्यांत एकेक दिवस दे. एक ठिकाण तू दाखव, जेवण तुझ्याकडून आणि संध्याकाळी लवकर घरी.” तिला आधी पटलं नाही. पण क्यूच्या बागेत काचघराजवळच्या बाकावर आम्ही तिघं दोन तास बसलो होतो तेव्हा तिने ऑफिसमधलं जे सांगितलं, ते फोनवर गेल्या पाच वर्षांत सांगितलं नव्हतं. पासाच्या दिवशी हे झालं नसतं, कारण त्या दिवशी आपण पुढच्या दाराच्या वेळेबद्दल बोलत असतो. परदेशातली मुलं आपल्याला शहर दाखवू पाहतात. आपण तिथे मुख्यतः त्यांना पाहायला गेलेलो असतो, हे दोघांनीही विसरू नये.

आता पासाची बाजूही मांडते, नाहीतर एकांगी होईल. तुम्ही तिशी-चाळिशीत असाल, चारच दिवस हाताशी असतील, सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळपर्यंत दोन-तीन ठिकाणं करायची ताकद आणि हौस असेल, तर पास स्वस्त पडतो आणि प्रत्येक वेळी पाकीट काढायची कटकट जाते. ‘इथपर्यंत आलोय, पण आत जायचे तीस पौंड?’ असा विचार करून दारातून परतणाऱ्या स्वभावाच्या माणसालाही पास बरा. पैसे एकदा गेले की तो मोकळा होतो. असा स्वभाव आपल्याकडे पुष्कळांचा असतो!

काढायचाच असेल तर चार गोष्टी करा. एक, पासाची यादी उघडण्याआधी आपली यादी कागदावर लिहा. दोन, स्वतःचे पूर्ण पैसे देऊन जिथे गेलाच असता तेवढीच ठिकाणं बेरजेत धरा. ‘पासात आहे म्हणून’ पाहायचं ठिकाण शून्य किमतीचं. तीन, तुमच्या वयाला जो सवलतीचा दर असेल तोच धरा. चार, वार पाहा. विंडसर मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं, ॲबे रविवारी फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं. सलग दिवसांच्या पासात असा एक वार आला की सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय शहरात फिरायच्या बसचं आणि भुयारी रेल्वेचं भाडं वेगळं पडतं. त्यासाठी साधी लाल बस छान. २०२५ साली तिचं भाडं पावणेदोन पौंड होतं आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिला वेगळे पैसे नव्हते. १५ नंबरची बस ट्रफाल्गर चौकातून सेंट पॉलवरून टॉवरपर्यंत जाते. पर्यटकांच्या बसमधून तरी वेगळं काय दिसतं?

आम्ही विंडसर पाहिलं नाही, हॅम्प्टन कोर्ट पाहिलं नाही, बोटीतही बसलो नाही. संघात हे सांगितलं की लोक हळहळतात. पण पुणे दर्शन, मुंबई दर्शन असल्या बसच्या पाट्यांवर आपण ‘दर्शन’ हा शब्द लिहितो, तो मोजायचा शब्द नाही. अष्टविनायकाला आठ मोजावे लागतात, कारण तिथे आठच आहेत आणि तो नेम आहे. शहराला असा आकडा नसतो. आमच्या वयात जेवढं झेपतं तेवढंच पाहावं, जे पाहू त्याच्यापुढे पाय दुखेपर्यंत नव्हे, मन भरेपर्यंत थांबावं, आणि राहिलेलं सुखाने राहू द्यावं. बघा पटतंय का.